तासाभराची उसंत

त्या दिवशी मी दाराला बाहेरून कुलूप लावलं, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. आत सासूबाई होत्या, वय वर्षं एक्क्याऐंशी. दुपारी चारपासून त्यांचं एकच चाललं होतं, "चला, उशीर होतोय, वाईला जायचंय." वाई हे त्यांचं माहेर. तिथलं घर विकून तीस वर्षं झाली होती. मी आधी समजावून सांगितलं, मग विषय बदलला, मग आवाज चढवला. शेवटी त्या पायात चपला घालून दाराकडे निघाल्या आणि मी त्यांचा दंड धरला. नको तेवढा घट्ट धरला. त्यांच्या गोऱ्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठलेले मला दिसले. मी पिशवी उचलली, त्यांना आत ठेवलं आणि बाहेर पडले. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या मागे एक बाग आहे, तिथल्या बाकावर चाळीस मिनिटं नुसती बसून राहिले. पिशवी रिकामीच होती. काही आणायचं नव्हतंच.

परत आले तर समोरच्या काकू आमच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. दाराच्या आतून सासूबाई आणि बाहेरून काकू, अशा दोघी वाईच्या घाटांविषयी बोलत होत्या. आता चार शब्द ऐकावे लागणार, असं मनाशी धरूनच मी कुलूप काढलं. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा मी बसत जाईन त्यांच्याजवळ. तू बाहेर पड. पण कुलूप नको."

हा लेख त्या दोन तासांविषयी आहे. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. माणूस अडचणीत सापडला की आपापल्या धंद्याची सवय कामी येते. मी वाचायला लागले. सासूबाईंच्या आजाराविषयी तर वाचलंच, पण त्याहून जास्त शोधलं ते दुसऱ्याच एका गोष्टीविषयी : आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला मिळणारी उसंत नेमकं काय करते? तिचा उपयोग कुणी मोजला आहे का? आणि ज्या घरासमोर काकू राहत नाहीत, त्या घराचं काय?

नावात काय आहे

आपल्याकडे या अवस्थेला नावं खूप, पण त्यात आजाराचं नाव एकही नव्हतं. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण, 'म्हातारचळ' हा शब्द, 'दुसरं बालपण' हा त्यातल्या त्यात गोड शब्द. 'स्मृतिभ्रंश' हा आता रूढ झालेला शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. पण तिथे त्याचा उगम क्रोधात आणि संमोहात सांगितला आहे. म्हणजे तिथेही माणसाचा काही दोष गृहीत आहे. डिमेन्शियात तसं काही नाही. मेंदूच्या पेशी झिजत जातात, त्यांचे परस्परांशी असलेले दुवे तुटत जातात, आणि स्मरण, भाषा, दिशा, निर्णय, शेवटी गिळण्यासारख्या क्रियाही हातच्या सुटतात. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरं मोठं कारण. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही तशीच लक्षणं दिसू शकतात आणि ती बरीचशी दुरुस्त करता येतात. म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देण्याआधी तपासण्या करून घ्यायला हव्यात.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांच्याकडे १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. ती १९०६ साली वारली. त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले, आणि १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. हा इतिहास पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. माझी नजर अडली ती अल्झायमर यांनी नोंदवलेल्या पहिल्या लक्षणापाशी. ते लक्षण होतं नवऱ्याविषयीचा संशय. मग ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, कुणी आपल्याला मारायला आलंय असं वाटून ओरडू लागली. हे सगळं ज्यानं घरात सोसलं तो तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. डॉक्टरचं नाव आजाराला मिळालं, बाईचं नाव इतिहासात राहिलं. कार्ल डेटर रात्री झोपत होता की नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

छत्तीस तासांचा दिवस

देशव्यापी पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतातल्या साठ वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. 'हा शहरी, पैसेवाल्यांचा आजार' हा समज यानंतर टिकू नये.

या ८८ लाखांपैकी बहुतेक जण घरीच आहेत. तेव्हा तितक्याच घरांत निदान एक माणूस तरी त्यांच्याबरोबर जागतो आहे. नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांनी १९८१ साली सेवा करणाऱ्यांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'छत्तीस तासांचा दिवस' असं आहे. शीर्षक वाचूनच मी ते पुस्तक दोन मिनिटं मिटून ठेवलं होतं.

हा थकवा इतर आजारपणांतल्या थकव्यासारखा नसतो. मोडलेल्या हाडाची सेवा करताना रोगी आपल्या बाजूनं असतो. इथे तो आपल्यालाच ओळखत नाही. सासूबाई मला कधी 'वन्सं' म्हणत, कधी 'बाई, तुम्ही कोण?' विचारत आणि कधी शेजाऱ्यांना सांगत की ही मला जेवायला देत नाही. दिवस मावळताना अस्वस्थता वाढते, हे या आजाराचं नेहमीचं लक्षण. पण घरात दिवा लावायच्या वेळी रोज तेच घडलं की ते लक्षण राहत नाही, आपली परीक्षा वाटायला लागते. शिवाय माणूस डोळ्यांसमोर असताना त्याच्यासाठी दुःख करायचं, ते कुणापाशी बोलायचं? 'निदान आहेत तरी' असं लोक म्हणतात.

अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट यांनी १९८० साली हा भार मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिचं आज वापरलं जाणारं रूप बावीस प्रश्नांचं आहे. तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपण आणखी करायला हवं असं वाटतं का, अशा धर्तीचे हे प्रश्न. मी ती एका रात्री स्वयंपाकघरात बसून सोडवली. रागाच्या प्रश्नापुढे खूण करताना पहिल्यांदा लक्षात आलं, की हा प्रश्न छापलेला आहे, त्या अर्थी राग येणारी मी एकटी नाही.

थकव्याची किंमत केवळ मनाची नसते. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा त्यांनी सुमारे चार वर्षं मागोवा घेतला होता. सेवेचा ताण ज्यांना जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सेवा करत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांच्यात मात्र धोका तसा वाढलेला नव्हता. पुढच्या काही मोठ्या पाहण्यांत तर सेवा करणारे उलट जास्त जगतात असंही दिसलं. विसंगत वाटणारे हे निष्कर्ष मी एकत्र वाचले तेव्हा अर्थ उलगडला : माणसाला सेवा मारत नाही, ताण मारतो. आणि ताण वाटून घेता येतो.

गोव्यातली एक्क्याऐंशी घरं

तो कसा वाटून घेता येतो याचं उत्तर मी परदेशी नियतकालिकांत शोधत होते. ते सापडलं आपल्या शेजारी, गोव्यात. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेतले डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला.

डिमेन्शियाचं माणूस असलेली एक्क्याऐंशी कुटुंबं त्यांनी निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. एक्केचाळीस कुटुंबांना लगेच मदत आणि उरलेल्या चाळिसांना सहा महिन्यांनी. मदत करणारे डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हत्या. बारावीपर्यंत शिकलेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिक व्यक्तींना थोडक्या काळाचं प्रशिक्षण दिलं होतं. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. हे सल्लागार निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात. हा आजार आहे, हट्ट नाही, हे समजावून सांगत. आंघोळ, जेवण, लघवी, रात्रीचं जागरण यांवर घरातल्या घरात काय करता येईल ते दाखवत. घरातल्या इतरांनी कोणता वाटा उचलायचा याची बोलणी करत. सरकारी योजनांची माहिती देत. आणि अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ तपासून औषध देत.

सहा महिन्यांनी काय दिसलं? सेवा करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला. भाराच्या प्रश्नावलीतला आकडाही उतरला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतका नाही. रुग्णाच्या वागण्यातही तसा निश्चित फरक पडला नाही. अभ्यासाच्या काळात अठरा रुग्ण वारले, हेही अहवालात प्रांजळपणे नोंदवलेलं आहे. मला यातलं एक वाक्यात सांगण्यासारखं वाटलं ते असं : म्हातारं माणूस होतं तसंच राहिलं, तरी घरातलं माणूस सावरलं.

याच चळवळीचं मूळ केरळात आहे. डॉ. जेकब रॉय यांनी १९९२ साली तिथे अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी संघटना उभी केली. पुढे तिच्या शाखा देशभर निघाल्या आणि त्रिशूर जिल्ह्यातल्या कुन्नमकुळम या गावात रुग्णांना दिवसभर सांभाळणारं केंद्रही सुरू झालं. मोठ्या शहरात नव्हे, गावात. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

उसंत म्हणजे काय नव्हे

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. 'रेस्पाइट' या शब्दाला मराठीत 'उसंत' हा नेमका शब्द आहे. सुट्टीत काम थांबतं. उसंतीत काम उरतंच, श्वास तेवढा घेता येतो.

तिचा उपयोग होतो का? २०१४ साली कॉक्रेन या संस्थेनं जगभरातल्या चाचण्या तपासल्या. निकषांत बसणाऱ्या चारच सापडल्या, मिळून ७५३ माणसांच्या. उसंतीनं सेवा करणाऱ्यांचं भलं होतं असं त्यांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. मी खजील झाले. म्हणजे काकूंच्या मंगळवार-शुक्रवारात काही नव्हतं?

पण अहवालकर्त्यांनीच बजावलं होतं, की या चाचण्या लहान आणि कच्च्या आहेत. 'सिद्ध झालं नाही' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा घेऊ नये. त्याच झारिट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळं चित्र आहे. आठवड्यातून निदान दोन दिवस आणि सलग निदान तीन महिने रुग्णाला दिवसाच्या केंद्रात पाठवणाऱ्या कुटुंबांत ताण आणि नैराश्य कमी झालेलं आढळलं. कधीतरी, अडीअडचणीला मिळालेली उसंत अंगी लागत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, मागावी न लागता मिळालेली लागते. मला तर सोमवारी दुपारीही बळ येई, कारण उद्या मंगळवार असे.

दुसरी गोष्ट मी स्वतःवरून शिकले. पहिले तीन आठवडे काकू आल्या की मी बँक, रेशन, वीजबिल उरकून घामाघूम होऊन परत येई. ते दोन तास मी कामालाच देऊन टाकले होते. एकदा काकूंनी विचारलं, "आज कुठे गेली होतीस?" मी यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "मग मी कशाला बसले?" त्यानंतर मी जुन्या ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. नुसती वर्तमानपत्रं चाळत असे.

तिसरी गोष्ट म्हणजे, नुसते तास पुरत नाहीत, त्यांच्या जोडीला बोलणारं माणूस लागतं. न्यू यॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी ४०६ पती-पत्नींच्या बाबतीत समुपदेशन, कुटुंबाच्या बैठका, आधारगट आणि हवा तेव्हा फोनवर सल्ला अशी मदत देऊन पाहिली. २००६ साली त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार ही मदत मिळालेल्यांनी आपल्या माणसाला सरासरी ५५७ दिवस जास्त घरी सांभाळलं. दीड वर्षाहून जास्त.

हे आपल्याला नवं नाही

जपाननं २००४ साली या आजाराचं जुनं नाव बदललं, कारण त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. पुढच्याच वर्षापासून तिथे दीड तासाचं एक साधं शिक्षण सुरू झालं. ते घेणाऱ्याला नारिंगी मनगटपट्टी मिळत असे. दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलं मिळून एक कोटीहून जास्त लोकांनी ते घेतलं आहे. रस्त्यात भांबावून उभं असलेलं म्हातारं माणूस दिसलं तर कसं बोलायचं, एवढंच त्यात शिकवतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९७ साली बेरे मिसेन यांनी 'अल्झायमर कॅफे' सुरू केला. महिन्यातून एकदा रुग्ण, घरचे आणि जाणकार कॉफी घेत एकत्र बसतात. आजाराचं नाव घेताना तिथे कुणी आवाज खाली आणत नाही.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, की असं काही आपल्याकडे पाहिलेलं आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' गट आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनियाविषयक संस्थेनं पुण्यात कुटुंबियांचे स्वमदत गट चालवले. 'देवराई' चित्रपट त्याच धडपडीतून आला, आणि तो करणाऱ्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या जोडीनंच पुढे 'अस्तु' केला. त्यातल्या, मोहन आगाशे यांनी उभ्या केलेल्या विस्मरणग्रस्त संस्कृत पंडिताला काही काळ सांभाळते ती माहुताची बायको, जी त्यांची कुणीच नसते. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळही याच वाटेवरचं. महाराष्ट्राला स्वमदत गट शिकवायची गरज नाही.

आणखी एक जुनी सोय आठवते : पाळणाघर. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी पुणे-मुंबई-डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत कुणा काकूंनी आपल्या दोन खोल्यांत पाळणाघर सुरू केलं आणि एक पिढी उभी राहिली. त्यासाठी कुणी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. मग म्हाताऱ्यांसाठी 'दुपारघर' का नसावं? महापालिकांची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे धडधाकट मंडळी जमतात, आणि त्यांतलाच एखादा विसरायला लागला की तो यायचा बंद होतो. तिथली एक खोली आठवड्यातून दोन दुपारी मोकळी ठेवता येईल. दोन प्रशिक्षित बाया किंवा बुवे, एक सुरक्षित दार, जवळ संडास, आणि हाताला काम. मोठी माणसं जे आयुष्यभर हातांनी करत आली ते स्मरण गेलं तरी बराच काळ टिकतं. काकू येताना कापूस आणत. माझं नाव न आठवणाऱ्या सासूबाई फुलवाती मात्र बिनचूक वळत.

ब्यूरोची बाई ठेवा, असं अनेक जण सुचवतात. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर ठेवावी. पण बारा तासांच्या ड्यूटीचा महिन्याचा खर्च बहुतेक घरांना पेलत नाही, आणि त्या बाईलाही या आजाराचं शिक्षण क्वचितच मिळालेलं असतं. कायद्याकडे पाहावं तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मुलांचं कर्तव्य सांगतो. ते योग्यच आहे. पण कर्तव्य करणारा थकला तर त्यानं काय करावं, याविषयी तो काही सांगत नाही. आपण कुलूप लावणाऱ्या सुनेला बोल लावतो. तिला मंगळवार देत नाही.

वाचकांतल्या कुणाच्या शेजारी असं घर असेल तर 'काही लागलं तर सांगा' असं म्हणू नका. थकलेलं माणूस काय लागतं ते सांगू शकत नाही. वार सांगा, वेळ सांगा, आणि ती पाळा. आल्यावर रुग्णाची चूक दुरुस्त करत बसू नका. तो वाईला निघाला असेल तर वाई कशी होती ते विचारा.

सासूबाई त्यानंतर अडीच वर्षं होत्या. शेवटी बोलणं थांबलं, वाती वळणंही थांबलं. काकू तरी येत, नुसता हात धरून बसत. त्या संध्याकाळच्या वळांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाई तर विसरूनच गेल्या होत्या. विसरणं हा त्यांचा आजार होता, माझा नव्हे. म्हणून ते इथे लिहिलं आहे.

यंदा काकूंच्या घरी काका परत परत एकच प्रश्न विचारू लागले आहेत. तपासण्या झाल्या. बुधवार आणि शनिवार, चार ते सहा, मी जाते.